अर्धी राहिलेली ओवी

छत्रपती संभाजीनगर,
गुरुवार, रात्र

चि. छकुलीस,


तू दिलेला पेनड्राइव्ह काल रात्री लावला. आक्का जात्यापाशी बसली आहे, एक पाय लांब, उजवा हात खुंट्यावर, डाव्या हाताने सुपातल्या ज्वारीची वैरण घालते आहे. पहिल्या आठ-दहा ओव्या मी लहानपणापासून ऐकलेल्या. मग एक अशी येते जी मी कधीच ऐकली नव्हती, आमच्या आईवरची. पहिली ओळ पुरी होते, आक्का दुसरी उचलते आणि 16 मिनिटं 40 सेकंदांवर चित्र थांबतं. तीनदा लावून पाहिलं. तिन्ही वेळा तिथेच.

आज सकाळी तुझा निरोप आला, की रेकॉर्डिंग खराब झालंय, कार्ड फॉरमॅट करते, रविवारी फुलंब्रीला जाऊन पुन्हा शूट करू. म्हणून हे पत्र. फोनवर सांगितलं असतं, पण ऐकलेलं निम्मं विसरायला होतं आणि हे काम समोर कागद ठेवून करायचं आहे. तुझ्या बाबांच्या हाती देतो आहे. पत्र वाचून होईपर्यंत एवढंच कर: कार्ड कॅमेऱ्यातून काढ, त्याच्या कडेची बारीक कळ लॉककडे सरकव, डबीत घाल आणि डबी कपाटात ठेव.

आक्का 86 वर्षांची आहे. रविवारीही ती हौसेने बसेल, पण त्या दिवशी जे आठवलं ते रविवारी आठवेलच असं नाही. ओव्या ती कुणाला म्हणून दाखवत नाही. जातं फिरायला लागलं की एकीच्या मागे दुसरी येते. आईवरची ती ओवी तिने गेल्या साठ वर्षांत माझ्यासमोर म्हटली नव्हती.

आणि तुझं रेकॉर्डिंग खराब झालेलं नाही. हे मी धीर देण्यासाठी म्हणत नाही. पेनड्राइव्हवरच्या फाइलचा आकार पाहिला, तर 48 जीबी. प्लेअर मात्र तिची लांबी 16 मिनिटं 40 सेकंद दाखवतो. तुझा कॅमेरा सेकंदाला साधारण 4 एमबी लिहितो. त्या हिशेबाने 16 मिनिटं 40 सेकंद म्हणजे 1000 सेकंद, म्हणजे 4 जीबी. मग उरलेले 44 जीबी कशाचे? ती आक्काच आहे. फाइलमध्ये आहे, फक्त प्लेअरला ती तिथे आहे हे ठाऊक नाही.

असं का झालं ते सांगतो. एमपीफोर फाइल ही एखाद्या जाड पोथीसारखी असते. चित्र आणि आवाज ही तिची पानं. त्याखेरीज एक अनुक्रमणिका असते: कुठल्या क्षणाचं चित्र फाइलमध्ये नेमकं कुठे आहे, केवढं आहे, त्याचा आवाज कुठे आहे. तू सरकपट्टी ओढून दीड तासावर नेलीस, की प्लेअर आधी ही अनुक्रमणिका पाहतो आणि मग त्या जागी उडी मारतो. कॅमेरा शूटिंग चालू असताना पानं लिहीत जातो आणि आपण स्टॉप दाबलं की शेवटी अनुक्रमणिका लिहितो.

आता तुझ्या कार्डाकडे ये. तू कॅमेरा एकदाही बंद केला नव्हतास, तरी कार्डावर बारा फाइली निघाल्या. ती तुझी चूक नाही. जुन्या फॅट32 पद्धतीच्या कार्डावर एक फाइल 4 जीबीपेक्षा मोठी होऊच शकत नाही, कारण फाइलचा आकार लिहायला तिथे 32 बिटांचीच जागा असते. तुझं 64 जीबीचं कार्ड एक्सफॅट पद्धतीचं आहे, त्यावर मोठी फाइल बसते. पण 4 जीबीला तुकडा पाडायची सवय बऱ्याच कॅमेऱ्यांनी सोडलेली नाही. मी लग्नांच्या शूटिंगच्या मिनीडीव्ही कॅसेटी संगणकावर घ्यायचो तेव्हा तासाला 13 जीबी लागायचे आणि फॅट32 डिस्कवर एकोणिसाव्या-विसाव्या मिनिटाला फाइल तुटायची. वरातीचा घोडा एका फाइलीत आणि नवरदेव दुसरीत, असं कितीतरी वेळा झालं.

तर तुझ्याकडे बारा तुकडे, म्हणजे बारा पोथ्या, प्रत्येकीला स्वतःची अनुक्रमणिका. तू ते एका साध्या फाइल-जोडणाऱ्या सॉफ्टवेअरने एकामागे एक चिकटवलेस. त्या सॉफ्टवेअरला व्हिडिओतलं काही कळत नाही, ते नुसतं बाइटला बाइट जोडतं. प्लेअरने फाइल उघडली, त्याला पहिली अनुक्रमणिका सापडली, तिच्यात 1000 सेकंदांचा हिशेब होता, आणि त्याच्या लेखी पोथी तिथेच संपली. पुढच्या अकरा पोथ्या त्याने पाहिल्याच नाहीत.

ही खात्री तू स्वतः करून घे. कार्डावरून बारा तुकडे लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर उतरव, पेनड्राइव्हवरून काही चालवू नकोस. मग पाचवा तुकडा उघड आणि मध्यावर ओढ. नंतर नववा, नंतर बारावा. तिन्ही नीट चालले, तर मूळ रेकॉर्डिंग शाबूत आहे. मग डोकं शांत ठेवून पुढचं करता येतं.

आता तुझी दुसरी फाइल. जोडलेली चालेना म्हणून तू बारा तुकडे एका फुकटच्या कन्व्हर्टरमध्ये घातलेस आणि त्याने 12 जीबीची एक फाइल करून दिली. तिची लांबी बरोबर दिसते, 3 तास 20 मिनिटं. पण पट्टी ओढली की चित्र आठ-दहा सेकंद गोठतं, आवाज पुढे चालू राहतो, कधी राखाडी ठोकळे दिसतात आणि मग चित्र हळूहळू साफ होतं. म्हणून तू ठरवलंस की मुळातच बिघाड आहे. हे दुखणं पहिल्यापेक्षा अगदी वेगळं आहे, पण मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. पुढे आयुष्यभर तुला ते भेटत राहील.

नहर तुला आठवते का? तू सहावीत असताना आपण गेलो होतो. मलिक अंबरने चारशे वर्षांपूर्वी, हे गाव अजून खडकी होतं तेव्हा, जमिनीखालून पाणी आणलं. वरून काही दिसत नाही, आत अंधारा बोगदा. साफसफाईसाठी माणसाला उतरता यावं म्हणून मध्ये मध्ये मॅनहोल ठेवलेले. नहरीत एखाद्या ठिकाणी काही अडकलं, तर तुम्ही बरोबर त्या जागी जमीन फोडून उतरत नाही. त्या जागेच्या अलीकडच्या मॅनहोलातून उतरता आणि अंधारात चालत तिथवर जाता. मॅनहोल जवळजवळ असतील तर दहा पावलं, लांबलांब असतील तर बराच वेळ.

व्हिडिओ फाइल अशीच आहे. सेकंदाला 25 चित्रं, पण प्रत्येक चित्र पूर्ण साठवलं तर फाइल अवाढव्य होईल. म्हणून एक चित्र पूर्ण ठेवतात आणि पुढच्या चित्रांचे फक्त बदल लिहितात: हात एवढा सरकला, पदर एवढा हलला, भिंत होती तशीच. पूर्ण चित्राला कीफ्रेम म्हणतात. हाच तो मॅनहोल. तू 1 तास 12 मिनिटांवर पट्टी सोडलीस, की प्लेअर त्या जागेच्या अलीकडची कीफ्रेम शोधतो, तिथे उतरतो आणि मधली सगळी चित्रं मनातल्या मनात उलगडत तू म्हटलेल्या जागी पोचतो. जो प्लेअर हे चालणं टाळून मध्येच उडी टाकतो, त्याच्याकडे आधीचं पूर्ण चित्र नसतं आणि नुसते बदल रंगवायचे असतात. ते तुझे राखाडी ठोकळे. आवाजाचं तसं नसतं. त्याचे तुकडे लहान आणि जवळपास स्वतंत्र असतात, त्यामुळे तो लगेच सुरू होतो आणि चित्र मागे राहतं.

कन्व्हर्टरला तू काही सांगितलं नाहीस, तर तो बहुधा 250 चित्रांमागे एक कीफ्रेम ठेवतो, म्हणजे आपल्याकडच्या 25 च्या गतीने दहा सेकंदांना एक. दृश्य अचानक बदललं, कट आला, तर तो आधीच नवी कीफ्रेम टाकतो. पण तुझ्या चित्रात काय बदलणार? कॅमेरा तिपाईवर, मागे सारवलेली भिंत, समोर आक्का. 3 तास 20 मिनिटांत एकही कट नाही. म्हणजे तुझ्या फाइलीतले मॅनहोल एकमेकांपासून जास्तीत जास्त लांब पडले. त्यात कन्व्हर्टरने एचईव्हीसी पद्धत निवडली. ती 2013 पासूनची, जागा फार वाचवते, पण उलगडायला जड. तुझा लॅपटॉप जुना, त्याच्या ग्राफिक्स चिपला ही पद्धत येत नाही, मग सगळा भार प्रोसेसरवर. फोरके आकाराची अडीचशे चित्रं तो एका सेकंदात कशी उलगडेल?

आमच्या वेळी हा त्रास नव्हता, याचं कारणही हेच आहे. मिनीडीव्हीत प्रत्येक चित्र स्वतंत्र होतं, त्यामुळे टाइमलाइनवर कुठेही बोट ठेवा, चित्र हजर. मग एचडीव्ही आलं, कॅसेट तीच पण चित्रं बारा-पंधराच्या गटाने बांधलेली, आणि दुकानातला संगणक रडायला लागला. मला वाटलं रॅम कमी पडते. दोनदा रॅम बदलली आणि पैसे वाया गेले. त्याआधीची फिल्म तर सगळ्यात सोपी: एका फुटावर 16 चौकटी, हजार फुटांच्या रिळात 16,000, प्रत्येक चौकट आपापली पूर्ण. आजही चित्रपटगृहात जी डिजिटल प्रत जाते तिच्यात प्रत्येक चित्र स्वतंत्र असतं, म्हणूनच तीन तासांचा सिनेमा शे-दोनशे जीबीचा होतो. जुन्या चित्रपटांचं स्कॅनिंग करणारे तर एकेका चौकटीची वेगळी फाइल ठेवतात; फोरकेची एक चौकट 50 एमबीच्या आसपास. जागा वाचवायची की कुठेही चटकन पोचायचं, ही निवड प्रत्येक फाइल बनवताना कुणीतरी केलेली असते. तुझ्या कन्व्हर्टरने ती तुला न विचारता केली.

तिसरी तक्रार लहान आहे. नाशिकच्या आत्याला ड्राइव्हची लिंक पाठवलीस, ती म्हणते पूर्ण उतरल्याशिवाय सुरूच होत नाही. अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी आहे, एवढंच. डिस्कवर असलेल्या फाइलीत शेवट पाहून यायला प्लेअरला क्षण लागत नाही, पण नेटवरून आधी शेवट मागवावा लागतो, आणि समोरचा सर्व्हर मधलाच भाग तोडून द्यायला तयार नसेल तर सगळं उतरवण्यावाचून गत्यंतर नसतं. अनुक्रमणिका उचलून पुढे आणता येते. चित्राला धक्का लागत नाही.

म्हणजे फाइली दोन, तक्रारी तीन, आणि तिन्हींची कारणं निरनिराळी. मूळ रेकॉर्डिंगचा दोष एकीतही नाही.

आता एक गोष्ट सांगतो, जी तुझ्या बाबांनाही मी नीट सांगितलेली नाही. 2009 साली पैठण तालुक्यातल्या एका गावात सप्ताहाचं शूटिंग होतं. काल्याच्या आदल्या रात्री जे कीर्तन झालं, त्या बुवांचं वय ऐंशीच्या पुढे. मी तेव्हा नवीनच कॅसेट सोडून कॅमेऱ्याची वायर थेट संगणकाला लावून रेकॉर्ड करत होतो. दोन तास कीर्तन झालं. शेवटच्या अभंगाला बुवांचा आवाज असा लागला की मंडपातली पोरंसोरंही गप्प झाली. आणि लाइट गेली. संगणक बंद. जनरेटर सुरू होईपर्यंत बुवा माइकशिवाय गात राहिले, ते मी नुसतं ऐकलं.

सकाळी फाइल उघडेना. आकार 20 जीबीच्या पुढे, पण प्लेअर म्हणे ही व्हिडिओ फाइलच नाही. दोन-तीन प्लेअर लावून पाहिले. शहरात परत येऊन एका जाणकाराला विचारलं, तो म्हणाला करप्ट झाली, काढून टाका. लग्नसराईचे दिवस, डिस्कवर जागा नव्हती. मी ती फाइल काढली आणि तिच्या जागी चार लग्नं भरली.

चार-पाच वर्षांनी मला कळलं, की त्या फाइलीत दोन तास जसेच्या तसे होते. स्टॉप दाबलंच गेलं नाही, म्हणून अनुक्रमणिका लिहायची राहिली होती, इतकंच. अशा फाइलीसाठी आता अनट्रंक नावाची सोय आहे. त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगने काढलेली एखादी धड लहान फाइल नमुना म्हणून दिली, की त्या नमुन्यावरून ती तुटक्या फाइलीतली चित्रं ओळखते आणि नवी अनुक्रमणिका रचते. दर वेळी जमतं असं नाही, पण बरेचदा जमतं. तोवर बुवा गेले होते. त्यांचं दुसरं कुठलंही चित्रण नव्हतं. त्यांचा नातू अजून भेटतो, रेकॉर्डिंगचं विचारतो, आणि मला खरं ते सांगावं लागतं.

म्हणून तू फॉरमॅट म्हणालीस तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. नुसतं फॉरमॅट केलं तरी बराचसा मजकूर लगेच जात नाही, कार्डाची यादी तेवढी पुसली जाते. पण त्यावर नवं शूटिंग केलं की जुनं कायमचं गेलं. मी नेमकं तेच केलं होतं.

आता करायचं काय ते सांगतो.

आधी दोन प्रती. बारा तुकडे लॅपटॉपवर आले असतील, तेच बाहेरच्या हार्डडिस्कवरही घे. उतरवल्यावर प्रत्येक तुकड्याचा आकार कार्डावरच्या आकाराशी बाइटपर्यंत ताडून पाहा. चेकसम काढलास तर अधिक चांगलं. बाहेरची डिस्क जुनी असेल तर तिचा आवाज ऐक. टकटक येत असेल, किंवा एकच तुकडा दर वेळी एकाच जागी अडकत असेल आणि कार्डावरचा तोच तुकडा नीट चालत असेल, तर डिस्क मरायला टेकली आहे असं समज आणि तिच्यावर काही ठेवू नकोस. एकाच जागी अडकतंय की दर वेळी वेगळ्या, हा प्रश्न मी कुठल्याही फाइलीला सगळ्यात आधी विचारतो. एकाच जागी असेल तर दुखणं बहुधा फाइलीत किंवा डिस्कच्या त्या भागात. वेगवेगळ्या जागी असेल तर संगणक दमतोय, किंवा मधली वायर, कार्डरीडर, पेनड्राइव्ह हळू आहे.

मग जोडणी. एमकेव्हीटूलनिक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात पहिला तुकडा टाक आणि बाकीचे अकरा त्याच्या शेपटीला जोड, क्रम तपासून. ते प्रत्येक तुकड्याची अनुक्रमणिका वाचतं आणि सगळ्यांची मिळून नवी करतं. चित्राला आणि आवाजाला हात लावत नाही. म्हणून पंधरा-वीस मिनिटांत होतं आणि फाइल पुन्हा 48 जीबीचीच निघते. आकार तेवढाच आला म्हणून घाबरू नकोस, तो तसाच यायला हवा. निघणारी फाइल मत्रोस्का प्रकारची असेल. रशियात एकीच्या पोटात दुसरी अशा लाकडी बाहुल्या असतात, त्यांच्यावरून हे नाव पडलं. या प्रकाराचा आणखी एक गुण असा, की तो मजकूर गटागटाने लिहीत जातो, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी तोवरचं वाचता येतं. पुढे कधी संगणकावर थेट रेकॉर्ड करशील तर हाच प्रकार निवड. एमपीफोर हवं असेल तर नंतर करता येतं. मत्रोस्काचा हा गुण मला 2009 मध्ये ठाऊक असता तर, असं अजून मनात येतं.

नवी फाइल व्हीएलसीमध्ये उघड. लांबी 3 तास 20 मिनिटं दिसायला हवी. दर 16 मिनिटं 40 सेकंदांच्या सांध्यावर, म्हणजे अकरा ठिकाणी, जरा आधीपासून ऐक. ओठ आणि आवाज जुळतात का, शब्द गिळला जातो का. कॅमेऱ्याने तुकडे पाडले ते न थांबता पाडले, त्यामुळे सांध्यावर काही गळायला नको. एखाद्या ठिकाणी आवाज पुढेमागे वाटला तर वेळ लिहून ठेव, मी पाहीन. चित्र अडखळलं तर व्हीएलसीच्या प्रेफरन्सेसमध्ये इनपुट आणि कोडेक्स या पानावर हार्डवेअर डिकोडिंग आहे. ते चालू असेल तर बंद करून पाहा, बंद असेल तर चालू. कधी चिप मदत करते, कधी तीच घोटाळा करते. टूल्समध्ये कोडेकची माहितीही दिसते, ती वहीत उतरवून घे. तुझ्या मैत्रिणीचा तो नवा कॅमेरा दहा बिट, चार-दोन-दोन अशा प्रकाराने लिहितो ना? ते बऱ्याच ग्राफिक्स चिपांना उलगडता येत नाही. तिच्या फाइली अडकत चालतात त्या त्यामुळे, तिला सांग.

ही 48 जीबीची फाइल आणि मूळ तुकडे कुणाला पाठवायचे नाहीत, ठेवायचे. घरातल्यांना पाहायला वेगळी प्रत कर. ती एफएफएमपेगने. 2000 साली फाब्रिस बेलार नावाच्या फ्रेंच प्रोग्रामरने हे सुरू केलं. बऱ्याच व्हिडिओ सॉफ्टवेअरच्या पोटात आज तेच चालतं, तुझ्या त्या कन्व्हर्टरच्याही असेल. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करावी लागते म्हणून बिचकू नकोस. आज्ञा वेगळ्या चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवली आहे, अक्षर न अक्षर तशी उतरव, मधल्या मोकळ्या जागाही जिथल्या तिथे ठेव. तिच्यात मी असं सांगितलं आहे: आकार फुल एचडी, पद्धत एच264, जी जवळपास प्रत्येक टीव्ही आणि फोन ओळखतो, कीफ्रेम दर 25 चित्रांना, म्हणजे सेकंदाला एक मॅनहोल, आणि अनुक्रमणिका सुरुवातीला. फाइल सात-आठ जीबीची होईल. कीफ्रेम वाढवल्यामुळे थोडी फुगेल, फुगू दे. आत्याला ती लगेच दिसेल आणि तुझ्या लॅपटॉपवर पट्टी ओढलीस की आक्का तिथे असेल. रात्री लावून झोप, सकाळपर्यंत होईल.

एवढं झाल्यावर एक काम उरतं, ते सॉफ्टवेअर करणार नाही. 3 तास 20 मिनिटांत किती ओव्या असतील? शे-दोनशे तरी. उद्या कुणी विचारलं, पंढरीच्या ओव्या कुठे आहेत, भावावरच्या कुठे, सासुरवासाच्या कुठे, तर पट्टी ओढत बसणार का? पुण्याला गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाच्या वर. नुसतं रेकॉर्ड करून ते थांबले नाहीत. ओवी कुणाची, गाव कुठलं, विषय कुठला, असं एकेक नोंदलं. म्हणून आज त्या दोघांच्या मागेही एखादी ओवी हुडकता येते, कुठल्या बाईने म्हटली ते नावानिशी सांगता येतं. मला हे फार मोठं काम वाटतं. माझ्याकडे कपाटभर लग्नाच्या कॅसेटी आहेत आणि एकीवरही धड वेळ लिहिलेली नाही. कुणी वारलं की घरचे लोक येतात, त्या माणसाचं चालतंबोलतं चित्र मागतात, आणि मी तीन-तीन रात्री कॅसेटी पुढेमागे करत बसतो.

तर एक शंभरपानी वही घे. डावीकडे वेळ, उजवीकडे ओवीचे पहिले तीन-चार शब्द, आणि त्यापुढे कुणावर आहे ते. आक्का मध्येच थांबून काही सांगते, हसते, पाणी मागते, तेही लिही. वीसेक मिनिटांचं रोज केलंस तर दहा दिवसांचं काम आहे. नंतर हीच यादी मत्रोस्का फाइलीत प्रकरणं म्हणून घालता येते, मग नावावर बोट ठेवलं की ती ओवी सुरू. एखादा शब्द कळला नाही तर जागा सोड आणि आक्काला विचार. ते विचारायला आपण रविवारी फुलंब्रीला जाऊ. शूटिंगला नको. तिला तिच्याच ओव्या दाखवायला जाऊ. टीव्हीवर स्वतःला पाहून तिला अजून काही आठवलं, तर कॅमेरा असू दे बरोबर. पण कार्ड नवं घे, पैसे मी देतो.

आणि रविवारपर्यंत थांबायची माझी तयारी नाही. तुकडे उतरवलेस, की सगळ्यांच्या आधी दुसरा तुकडा उघड आणि त्याची पहिली पाच मिनिटं मला फोनवर ऐकव. पहिली ओळ मी पाठ केली आहे. आईबद्दल ती पुढे काय म्हणते ते ऐकायचं आहे.

तुझे,
धाकटे आजोबा